न पाहू इच्छिणारा आंधळा : एका स्पॅनिश म्हणीचा अभ्यास

परकी भाषा शिकू लागलेल्या माणसाला शब्दांचे अर्थ कोशात मिळतात आणि वाक्यांची घडण व्याकरणात मिळते. परंतु त्या भाषेचे लोक परस्परांना दोष कसा देतात, कोणता दोष क्षम्य मानतात आणि कोणता अक्षम्य, हे जाणून घ्यावयाचे तर त्यांच्या म्हणींकडे वळावे लागते. स्पॅनिश भाषेच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. स्पॅनिशमध्ये म्हणीला ‘रेफ्रान’ असे म्हणतात. पंधराव्या शतकातील सरदार आणि कवी सांतियानाचा मार्केस याच्या नावावर असलेला म्हणींचा एक संग्रह १५०८ मध्ये सेव्हिल येथे छापला गेला. शेकोटीपाशी बसून म्हाताऱ्या बायका सांगतात त्या या म्हणी, असे त्या संग्रहाच्या शीर्षकातच म्हटले आहे. पुढे १५३५ च्या सुमारास हुआन दे वाल्देस याने नेपल्स येथे स्पॅनिश भाषेविषयी एक संवादात्मक ग्रंथ लिहिला, तेव्हा अस्सल भाषेचे नमुने म्हणून त्याने म्हणींचाच आधार घेतला. म्हण ही तेथे केवळ संभाषणाची शोभा नव्हे. भाषेची पारख करण्याचे ते एक साधन मानले गेले आहे.

अशा असंख्य म्हणींपैकी एकच म्हण येथे अभ्यासासाठी घेतली आहे. ती स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशभाषक देशांत आजही सर्रास ऐकू येते. ती अशी :

‘नो आय पेओर स्येगो के एल के नो क्येरे बेर.’

मराठीत तिचा शब्दशः अर्थ असा होईल : ‘ज्याला पाहावयाचेच नसते, त्याच्याहून वाईट आंधळा नसतो.’

म्हणीतील शब्द

पहिला शब्द ‘नो’ हा मराठी ‘नाही’ या अर्थाचा असून स्पॅनिशमध्ये तो क्रियापदाच्या आधी येतो. दुसरा शब्द ‘आय’. ‘असते’ किंवा ‘आहे’ असा त्याचा अर्थ. एखादी वस्तू जगात अस्तित्वात आहे एवढेच सांगावयाचे असते तेव्हा हे रूप वापरतात; ते एकवचनी वस्तूसाठी आणि अनेकवचनी वस्तूंसाठी सारखेच राहते. लिहिताना या शब्दाच्या आरंभी ‘ह’ हे अक्षर असते, परंतु स्पॅनिशमध्ये ते उच्चारले जात नाही.

‘पेओर’ म्हणजे ‘अधिक वाईट’. स्पॅनिशमध्ये तुलना करताना विशेषणाच्या आधी सामान्यतः ‘मास’ म्हणजे ‘अधिक’ हा शब्द जोडतात. परंतु ‘मालो’ म्हणजे ‘वाईट’ या विशेषणाला ‘पेओर’ हे स्वतंत्र रूप आहे, जसे ‘ब्वेनो’ म्हणजे ‘चांगला’ याला ‘मेहोर’ हे आहे. ‘स्येगो’ म्हणजे आंधळा. या शब्दाचा उच्चार लॅटिन अमेरिकेत ‘स्येगो’ असा होतो, तर स्पेनच्या बऱ्याच भागात ‘थ्येगो’ असा. शिकणाऱ्याने दोन्हींपैकी कोणताही एक पत्करावा. मात्र एकाच बोलण्यात दोन्हींची सरमिसळ करू नये.

यापुढे ‘के’ हा शब्द दोनदा येतो, आणि नवशिका येथेच अडखळतो. पहिला ‘के’ तुलनेचा आहे. मराठीतील ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ या प्रत्ययांचे काम तो करतो. दुसरा ‘के’ हा ‘एल’ या शब्दाबरोबर येतो आणि ‘एल के’ मिळून ‘जो’ असा अर्थ होतो. वाचताना पहिल्या ‘के’पूर्वी किंचित थांबले, तर वाक्याचे दोन भाग आपोआप वेगळे होतात.

‘क्येरे’ हे ‘इच्छिणे’ या अर्थाच्या ‘केरेर’ या क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचनी रूप होय. मूळ धातूतील ‘ए’ या स्वराचा येथे ‘ये’ झाला आहे. स्पॅनिशमधील अनेक नित्याच्या क्रियापदांत असा बदल होतो. अखेरचा शब्द ‘बेर’, म्हणजे ‘पाहणे’. स्पॅनिशमध्ये पाहण्यासाठी दोन क्रियापदे आहेत. ‘मीरार’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे नजर लावणे आणि ‘बेर’ म्हणजे ती गोष्ट दिसणे, ध्यानात येणे. म्हणीत ‘बेर’ योजिले आहे हे अर्थपूर्ण आहे. ज्याच्याविषयी ही म्हण वापरली जाते, त्याची नजर त्या गोष्टीवरून अनेकदा फिरलेलीही असते; तिच्यातून जे उघड होते ते मात्र तो आपल्या मनापर्यंत येऊ देत नाही.

सगळ्या म्हणीचा भार ‘क्येरे’ या एका शब्दावर आहे. त्याच्या जागी ‘शकणे’ या अर्थाचे ‘प्वेदे’ हे रूप घातले, तर ‘ज्याला पाहता येत नाही त्याच्याहून वाईट आंधळा नसतो’ असे पोकळ विधान उरते. पाहता न येणे आणि पाहावयाचे नसणे यांतील अंतर दाखविणे हेच या म्हणीचे कार्य होय.

म्हणीचे सगेसोयरे

हीच म्हण बहिऱ्याच्या रूपानेही प्रचलित आहे : ‘नो आय पेओर सोर्दो के एल के नो क्येरे ओईर’, म्हणजे ज्याला ऐकावयाचेच नसते, त्याच्याहून वाईट बहिरा नसतो. सतराव्या शतकातील नाटककार तिर्सो दे मोलिना याने आपल्या एका सुखात्मिकेला ‘नो आय पेओर सोर्दो’ एवढेच नाव दिले. म्हणीचा उरलेला भाग प्रेक्षक मनातल्या मनात पुरा करतील, हे त्याने गृहीत धरले होते. आजही स्पॅनिश बोलणारा माणूस पुष्कळदा म्हणीचा पूर्वार्ध उच्चारतो आणि उत्तरार्ध समोरच्यावर सोपवून गप्प राहतो.

ही कल्पना एकट्या स्पॅनिशची नव्हे. डोळे असून न पाहणाऱ्या आणि कान असून न ऐकणाऱ्या लोकांविषयीची तक्रार बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथात आढळते. इंग्रजीत जॉन हेवुड याने १५४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या पुस्तकात बहिरा आणि आंधळा हे दोघे एकाच म्हणीत आले आहेत. गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा असलेल्या पोर्तुगीजमध्येही ही म्हण जवळजवळ याच शब्दांत आहे. मराठी भाषेने तोच आशय डोळ्यांऐवजी झोपेच्या दृष्टांताने सांगितला आहे : झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही.

म्हणीची घडण ध्यानात घेतली तर तिच्या साच्यातील दुसरी म्हणही सहज समजते. ‘नो आय पेओर कुन्या के ला दे ला मीस्मा मादेरा’, म्हणजे त्याच लाकडाच्या पाचरेहून वाईट पाचर नसते. मराठीतील ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ या म्हणीचे हे स्पॅनिश भावंड होय.

परंतु जवळच्या अर्थाच्या सर्वच उक्ती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ‘आसेर ला बीस्ता गोर्दा’ या वाक्प्रचाराचा शब्दार्थ ‘नजर जाड करणे’ असा आहे आणि भावार्थ ‘कानाडोळा करणे’ असा. असा माणूस सर्व काही जाणून दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो. उलट म्हणीतील आंधळा प्रथम स्वतःचीच फसवणूक करतो. ‘ओहोस के नो बेन, कोरासोन के नो स्येन्ते’, म्हणजे जे डोळे पाहत नाहीत त्यांचे हृदय दुखत नाही. ही म्हण मराठीतील ‘दृष्टीआड सृष्टी’ या म्हणीच्या जवळची असून तीत दोषारोप नाही. दूर असलेल्या दुःखाची धार बोथट होते एवढेच ती सांगते. लॅटिन अमेरिकेत ‘तापार एल सोल कोन उन देदो’, म्हणजे ‘एका बोटाने सूर्य झाकणे’, असा वाक्प्रचार आहे. त्याचा रोख झाकण्याच्या व्यर्थतेवर आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

आणखी एक म्हण तर उलट सल्ला देते. ‘आ पालाब्रास नेस्यास, ओईदोस सोर्दोस’, म्हणजे मूर्खांच्या बोलण्याला बहिरे कान द्यावेत. एका म्हणीत बहिरेपणा हा दोष, दुसरीत तो शहाणपणा. दोन्ही एकाच भाषेत सुखाने नांदतात, कारण कोणती म्हण कोठे लागू पडते हे ठरविण्याचे काम बोलणाऱ्याचे असते.

म्हण केव्हा वापरावी

‘डॉन क्विक्झोट’ या कादंबरीच्या १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात सांचो पान्सा हा सेवक एका बेटाचा कारभारी म्हणून निघतो, तेव्हा त्याचा धनी त्याला उपदेश करतो. योग्य प्रसंगी आलेली म्हण वाईट नाही, परंतु म्हणींची माळ ओवीत सुटल्याने बोलणे हीन होते, असे तो बजावतो. ही सूचना प्रस्तुत म्हणीला अधिकच लागू आहे, कारण ही म्हण म्हणजे एक आरोप आहे. समोरच्या माणसाला सत्य कळत नाही, एवढेच ती म्हणत नाही. ते त्याला कळून घ्यावयाचे नाही, असे ती म्हणते. ज्ञानाच्या अभावाबद्दल कोणालाही दोष देता येत नाही. इच्छेबद्दल मात्र देता येतो. म्हणूनच ही म्हण उच्चारण्यापूर्वी तीन गोष्टी पडताळून पाहणे इष्ट ठरते.

पहिली, ती गोष्ट खरोखर दिसण्याजोगी होती काय? दुसरी, त्या माणसाला ती पाहण्याची संधी मिळाली होती काय? तिसरी, तोंड फिरविण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला, की दुसऱ्या कशाने त्याला तो घ्यावयास लावला?

एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, स्पेनमधील एखाद्या लहान गावात दोन भावांची सामायिक बेकरी आहे आणि गल्ल्यावर थोरल्याचा मुलगा बसतो. विक्री पूर्वीइतकीच असून रोकड मात्र कमी भरते. हे अद्याप कोणाच्याच ध्यानात आलेले नसताना शेजाऱ्याने थोरल्या भावाविषयी ही म्हण वापरली, तर तो अन्याय होईल. धाकट्याने एकदा वही दाखविली आणि थोरल्याला हिशेब उमगला नाही, तरीही म्हणीची वेळ आलेली नसते. परंतु वही तीनदा समोर ठेवली गेली, पिठाच्या गोण्या आणि विकलेले पाव यांचा मेळ त्याच्यादेखत घातला गेला, आणि तरीही ‘दिवसच मंदीचे आहेत’ असे म्हणून त्याने वही मिटली, तर म्हण तिच्या जागी आली. अशा वेळी शेजारी म्हणेल : ‘कोमो दीसे एल रेफ्रान’, म्हणजे ‘म्हण सांगते त्याप्रमाणे’, आणि मग म्हणीचा पूर्वार्ध. म्हण पुल्लिंगी एकवचनात आहे. ती एखाद्या स्त्रीविषयी किंवा पुष्कळ लोकांविषयी वापरली तरी तिचे रूप बहुधा बदलत नाही.

ही म्हण सहसा तिसऱ्या माणसाविषयी, वाद संपल्यावर वापरतात. तोंडावर वापरली तर ती वाद संपवूनच टाकते, कारण ज्याच्या इच्छेवरच शंका घेतली गेली त्याला पुरावा देण्यात अर्थ उरत नाही. मतभेदाच्या प्रसंगी तिचा उपयोग टाळावा. दोन माणसांनी एकच पुरावा पाहून निराळे निष्कर्ष काढले, तर त्यांतील एकाला आंधळा ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याला मिळत नाही. प्रत्यक्ष अंध व्यक्तीच्या संदर्भात ही म्हण वापरणे तर सर्वथा अनुचित होय. अंध माणूस स्पर्शाने, श्रवणाने आणि इतरांना विचारून जग जाणून घेण्यासाठी झटत असतो. म्हणीतील आंधळा नेमका तोच प्रयत्न नाकारतो.

येथे मराठी वाचकाच्या हाताशी एक उपयुक्त साधन आहे. ‘दिसत नाही’, ‘पाहवत नाही’ आणि ‘पाहावयाचे नाही’ अशी तीन वेगळी रूपे मराठीत आहेत. पहिल्यात असमर्थता आहे, दुसऱ्यात वेदना किंवा भय आहे, तिसऱ्यात नकार आहे. स्पॅनिश म्हण केवळ तिसऱ्याला लागू पडते. दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतील सीमा ओळखणे मात्र नेहमीच सोपे नसते, हे स्पॅनिशभाषक जगातील एका देशाच्या अलीकडील इतिहासावरून स्पष्ट होते.

अर्जेंटिनातील प्रसंग

अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली आणि जनरल होर्हे राफाएल व्हिदेला हा राष्ट्राध्यक्ष झाला. त्यानंतरच्या वर्षांत हजारो माणसांना घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून उचलून नेण्यात आले. त्यांच्यावर खटले भरले गेले नाहीत, त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत आणि त्यांतील बहुतेक परत आले नाहीत. त्यांना ‘देसापारेसीदोस’, म्हणजे ‘नाहीसे झालेले’, असे नाव पडले. शेजारच्या घरातील तरुण एका रात्री नाहीसा झाला म्हणजे पुष्कळ लोक हलक्या आवाजात म्हणत, ‘आल्गो आब्रान एचो’, ‘त्यांनी काहीतरी केले असेल’. किंवा ‘पोर आल्गो सेरा’, ‘कारणावाचून का हे झाले असेल’. या दोन वाक्यांनी पाहणाऱ्याची सुटका होई. जे झाले ते न्याय्यच असणार असे एकदा मानले, की पुढे काही विचारावयाचे कारण उरत नसे.

३० एप्रिल १९७७ रोजी नाहीशा झालेल्यांच्या काही माता ब्युनोस आयर्स येथील प्लासा दे मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर, एकत्र आल्या. जमाव करण्यास मनाई होती, म्हणून पोलिसांनी त्यांना चालते राहण्यास फर्माविले. तेव्हा त्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. पुढे त्यांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधण्यास सुरुवात केली. दर गुरुवारी त्या दिसत होत्या, आणि तरीही सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने त्या ‘वेड्या बायका’ होत्या. जून १९७८ मध्ये अर्जेंटिनात फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. ज्या मैदानावर २५ जूनला यजमान संघाने अंतिम सामना जिंकला, त्याच्यापासून थोड्याच अंतरावर नौदलाची तंत्रशाळा होती, आणि तिच्यात पळवून आणलेल्या माणसांचा छळ चालला होता.

या काळातील सामान्य नागरिकांवर स्पॅनिश म्हणीचा आरोप सरसकट ठेवता येईल काय? वर सांगितलेली तिसरी कसोटी येथे आड येते. ज्या देशात प्रश्न विचारणारा स्वतःच नाहीसा होऊ शकतो, तेथे खिडकी लावून घेणाऱ्या माणसाला पाहावयाचे नव्हते असे म्हणणे कठीण आहे. त्याला पाहवत नव्हते, किंवा पाहिल्याचे सांगण्याचे धैर्य नव्हते. प्लासा दे मायोच्या मातांपैकीही काहींना पळवून नेण्यात आले, हे विसरता येत नाही. परंतु ज्यांना भय बाळगण्याचे कारण अल्प होते, ज्यांच्या शब्दाला वजन होते आणि ज्यांच्यासमोर पुरावा आणून ठेवला गेला होता, त्यांच्या बाबतीत म्हण लागू पडते.

या दृष्टीने हॉर्हे लुईस बोर्हेस या लेखकाचे उदाहरण लक्षणीय आहे. १९५५ मध्ये तो अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला, तेव्हा त्याची दृष्टी इतकी अधू झाली होती की सभोवतालची पुस्तके त्याला वाचता येत नव्हती. १९ मे १९७६ रोजी व्हिदेलाने काही लेखकांना भोजनाला बोलाविले. त्यांत बोर्हेस होता, कादंबरीकार एर्नेस्तो साबातो होता. त्याच महिन्यात आरोल्दो कोंती या लेखकाला पळवून नेण्यात आले होते आणि पाहुण्यांपैकी एका वृद्ध धर्मगुरूने त्याच्याविषयी भोजनाच्या वेळी विचारणाही केली. बोर्हेसने मात्र बाहेर आल्यावर राष्ट्राध्यक्षाची प्रशंसा केली. पुढील काही वर्षांत नाहीशा झालेल्यांचे आप्त त्याला येऊन भेटले. १९८० मध्ये नाहीशा झालेल्यांची माहिती मागणाऱ्या वृत्तपत्रातील जाहीर निवेदनावर त्याने सही केली. लष्करी राजवट १९८३ मध्ये संपली. सेनाप्रमुखांवर खटला चालू असता २२ जुलै १९८५ रोजी तो न्यायालयात जाऊन बसला, छळातून वाचलेल्या एका माणसाची साक्ष त्याने ऐकली आणि तिच्याविषयी लेख लिहिला. डोळ्यांचे अंधत्व या साऱ्या काळात तसेच होते.

त्याच भोजनाला उपस्थित असलेला साबातो पुढे नाहीशा झालेल्यांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष झाला. आयोगाने सप्टेंबर १९८४ मध्ये अहवाल सादर केला. त्यात सुमारे ९,००० नाहीशा झालेल्या व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त बंदिस्थानांची नोंद आहे. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना बळींची संख्या ३०,००० मानतात. डिसेंबर १९८५ मध्ये व्हिदेलाला जन्मठेपेची शिक्षा झाली. नौदलाच्या तंत्रशाळेची वास्तू आता स्मारक व संग्रहालय झाली असून २०२३ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. एकेकाळी ज्या इमारतीकडे न पाहता लोक पुढे जात, ती आज पाहण्यासाठीच राखून ठेवलेली आहे.

उपसंहार

या इतिहासाच्या प्रकाशात म्हण पुन्हा वाचली, तर तिच्यातील एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. न पाहू इच्छिणाऱ्याला ती सर्वांत वाईट आंधळा म्हणते, कारण त्याच्या आंधळेपणाची किंमत बहुधा दुसऱ्याला मोजावी लागते. बेकरीत ती धाकट्या भावाने मोजली, अर्जेंटिनात ती पांढरे रुमाल बांधलेल्या मातांनी मोजली. मात्र ज्या शब्दाने हा आरोप सिद्ध होतो, त्याच शब्दाने त्यातून बाहेर पडण्याची वाटही मोकळी राहते. डोळ्यांची गेलेली ज्योत माणसाच्या इच्छेने परत येत नाही. नाकारलेली दृष्टी मात्र इच्छा बदलताच परत येऊ शकते. म्हणून ही म्हण शिकणाऱ्याने ‘पेओर’ या शब्दाइतकाच ‘क्येरे’ या शब्दावर जोर द्यावा. आणि दुसऱ्याविषयी ती उच्चारण्यापूर्वी वही त्याच्यासमोर खरोखर उघडली गेली होती काय, एवढे पाहून घ्यावे.